पाण्याने शिकवलेला पाठ

शेतीचे शिक्षक घडवणाऱ्या त्या विद्यालयात त्यांना सगळे नुसते मास्तर म्हणत. खरं तर तिथे शिकवणारे सगळेच मास्तर होते आणि शिकणारेही उद्या कुठल्या ना कुठल्या शाळेत मास्तरच होणार होते. तरी कुणी ‘मास्तर कुठे आहेत?’ असं विचारलं की शिपाई मान वरही न करता मागच्या पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवायचा. शेडमध्ये कुदळी, खुरपी, कलमाच्या कात्र्या, पाठीवरचे चार फवारणी पंप आणि गेली एकतीस वर्षं मास्तर, असा सगळा सरंजाम होता.

मास्तरांची शिकवण्याची रीत साधी होती. आधी ते स्वतः काम करून दाखवत. मग एकेका शिकाऊ शिक्षकाने तोच पाठ बाकीच्यांसमोर घ्यायचा. बाकीच्यांनी तेवढ्यापुरतं शाळेतली पोरं व्हायचं. तिशीतले, मिशा फुटलेले बाप्ये मग मांडी घालून बसत आणि “बाई, हा मला चिमटे काढतो” म्हणून कांगावा करत. मास्तर उपड्या खोक्यावर बसून गुडघ्यावरच्या तक्त्यात गुण भरत. त्यांना हसू यायचं, पण ते मिशीतच राहायचं.

“तोंड सगळ्यांनाच असतं,” ते पहिल्याच दिवशी सांगत. “पोरं तुमच्या हाताकडे बघणार आहेत. म्हणून तुम्ही माझ्या हाताकडे बघा.”

फवारणीचा पाठ कायम पाण्यावर होई. बावीस माणसं एका शेडमध्ये आणि त्यात विषारी औषध, हे शहाणपणाचं नव्हतंच. त्यामुळे पंपात नळाचं पाणी भरायचं, हातमोजे आणि तोंडावरचा फडका खुंटीवरून काढून सगळ्यांना दाखवायचे, परत खुंटीला लावायचे आणि पुढे जायचं. पाण्याला कोण हातमोजे घालतो?

मागच्या वर्षीच्या तुकडीत एक मुलगी होती. तिचं पाठाचं टाचण इतकं नेटकं असायचं की वर्गाने तिचं नाव टाचणी पाडलं होतं. पंपाचा पाठ तिने असा घेतला की नक्कल करणारी पोरंही गप्प बसली. पंप जुना, मध्येच अडकला, तर ती बिचकली नाही. दांड्याच्या टोकाचं नोझल काढून, साफ करून, परत बसवून तिने पाठ पुढे नेला. मास्तरांनी पन्नासपैकी एकोणपन्नास गुण दिले आणि शेऱ्यात लिहिलं, ‘हात तयार आहे.’ एकतीस वर्षांत हा शेरा त्यांनी चार-पाच जणांनाच दिला असेल.

ती नोकरीला लागली त्याला सात महिने झाले होते, तेव्हा एका सकाळी प्राचार्यांनी मास्तरांना खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

“मास्तर, ती तुमची टाचणी. तिच्या वर्गातली एक पोरगी गेली.”

“कुठे गेली?”

“अहो, गेली म्हणजे वारली.”

प्राचार्यांनी सांगितलं ते असं. शाळेच्या वांग्यांवर कीड पडली होती. तिथले मुख्याध्यापक म्हणाले, वर्गातच फवारणी घ्या, पोरं शिकतील आणि प्लॉटही होऊन जाईल. पंपात खरं औषध भरलं. पंप अडकला. पंधरा वर्षांच्या एका मुलीने नोझल काढलं आणि तोंडाने फुंकलं. दांडा दुसऱ्या हातात, तोंडाजवळच होता; पंपात दाब शिल्लक होता आणि खटका दाबला गेला. औषध पिचकारीसारखं थेट तिच्या घशात गेलं. तीन दिवस ती दवाखान्यात होती आणि चौथ्या दिवशी संपली.

मास्तर खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

“गुरुवारी चौकशी समिती येतेय,” प्राचार्य म्हणाले आणि त्यांनी विद्यालयाची हस्तपुस्तिका पुढे सरकवली. “पान चौसष्ट. वाचा.”

“नोझल कधीही तोंडाने फुंकू नये. मऊ ब्रशने, पाण्यात धरून साफ करावे.” मास्तरांना हे पाठच होतं. दर पाठाला ते हेच वाक्य म्हणत.

“आणि ही तिची स्वतःची वही. नमुना म्हणून ग्रंथालयात ठेवली होती आपण. बघा, हेच वाक्य तिने लाल शाईने लिहिलंय. आपल्याकडून काही कमी पडलेलं नाही, मास्तर. तिने पुढे शिकवलं नसेल तर ती जाणे आणि तिचं नशीब जाणे.”

मास्तरांना हलकं वाटलं. हे त्यांनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही, पण त्या दुपारी त्यांना चांगली भूक लागली होती आणि ते पोटभर जेवले होते.

रविवारी ते तिच्या घरी गेले. भेटायला जाणं कर्तव्य होतं. शिवाय थोडं रागवायचंही मनात होतं, एवढी हुशार मुलगी नेमकं तेवढंच सांगायला विसरली कशी म्हणून. अरुंद जिन्याच्या वर दोन खोल्या होत्या. दार तिच्या आईने उघडलं.

“आलात? या. चार दिवस पोटात अन्न नाही तिच्या. तुम्ही तरी सांगा. या घरात उठता-बसता तुमचं नाव असतं, सर असं म्हणतात, सर तसं करतात.”

टाचणी खिडकीशी बसली होती. केस विंचरलेले नव्हते. मास्तरांना बघून ती उठायला गेली आणि परत बसली.

“सर, मी सांगितलं होतं,” ती लगेच म्हणाली. “आईशप्पथ सांगितलं होतं. दोनदा सांगितलं. फळ्यावर लिहिलं. तोंडाने फुंकायचं नाही म्हणून वर्गाकडून म्हणवून घेतलं.”

“मग तिने असं का केलं?”

“तेच तर मला कळत नाही. मी सांगितलं, तेवढ्यात पंप अडकला. मी म्हटलं, चला, बरं झालं, साफ कसं करतात ते आता बघा. करून दाखवलं. मग परत अडकला, तेव्हा ती म्हणाली, बाई मी करते. मी म्हटलं कर. मी दुसऱ्या मुलांकडे वळले होते, सर. एवढंच.”

“तू कसं करून दाखवलंस?”

“असं.”

तिच्या हातात काही नव्हतं. तिने हवेतच डाव्या हाताने दांडा धरला, खटका दाबून दाब मोकळा केला, नोझल फिरवून काढलं, मांडीवर एकदा पुसलं, ओठांशी नेऊन दोनदा फू फू केलं आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून बघितलं. बघताना तिने उजवा डोळा मिटला.

मास्तर पुढे झुकले.

“पुन्हा कर.”

तिने पुन्हा केलं. अगदी तसंच. तोंडाने ती म्हणतही होती, “मऊ ब्रशने, पाण्यात धरून.”

“तू फुंकलंस,” मास्तर म्हणाले.

“कधी?”

“आत्ता.”

ती स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. बोटं अजून तिथेच होती, डोळ्यासमोर, नसलेलं नोझल चिमटीत धरून. “त्या दिवशी संध्याकाळी मलाही मळमळत होतं,” ती हळूच म्हणाली. “मला वाटलं, भीतीने.”

“आणि उजवा डोळा का मिटलास?”

“बघायला. तसंच बघतात ना?”

मास्तरांच्या उजव्या डोळ्यात लहानपणी गवताचं कुसळ गेलं होतं. तेव्हापासून त्या डोळ्याने त्यांना धुरकट दिसे, म्हणून बारीक काही बघायचं तर ते तो मिटून घेत. तिचे दोन्ही डोळे धडधाकट होते.

दारात तिची आई पाण्याचा पेला घेऊन उभी होती. मास्तरांनी तो घेतला नाही. “येतो,” एवढंच म्हणून ते कठडा धरत जिना उतरले.

घरी बायको कपडे घड्या करत होती.

“मी काही साफ करताना फुंकतो का गं?”

“काही?” ती हसली. “अहो, चष्मा फुंकता, किल्ली फुंकता, पेन फुंकता. माझ्या बोटात अंगठी घालायच्या आधी ती फुंकली होतीत. माझ्या बहिणी अजून हसतात त्यावरून. का, झालं काय?”

त्यांनी सांगितलं. तिच्या हातातला सदरा अर्धा घडी होऊन तसाच राहिला.

“कुणी विचारलंय का तुम्हाला?” ती म्हणाली.

“नाही.”

“मग?”

“त्या मुलीची नोकरी जाईल. कदाचित खटलाही होईल.”

“आणि तुम्ही बोललात तर तुमचं काय होईल? अहो, गेलेली पोर परत येणार आहे का?”

“ती नाही येणार,” मास्तर म्हणाले. “येताना बसमध्ये हिशेब करत होतो. वर्षाला बावीस शिक्षक, एकतीस वर्षं. प्रत्येकाच्या हाताखाली वर्षाला तीस-चाळीस पोरं. पुढे गुणाकार करवला नाही.”

बायकोने सदरा उलगडला आणि पहिल्यापासून घडी घालायला लागली.

गुरुवारी तिघांची समिती आली. अध्यक्षबाई बारीक अंगाच्या आणि मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी पान चौसष्ट वाचलं, लाल शाईतलं वाक्य वाचलं आणि वही मिटली. प्राचार्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. तेवढ्यात मास्तर उभे राहिले.

“ते आम्ही लिहितो आणि बोलतो,” ते म्हणाले. “पण शिकवत नाही. मी फुंकायला शिकवलंय. एकतीस वर्षं.”

“मास्तरांची तब्येत जरा,” प्राचार्य घाईने म्हणाले. “झोप नाही त्यांना आठवडाभर.”

“झोप लागते मला,” मास्तर म्हणाले. “बाई, शेडमध्ये चला. तिथे सगळं दिसेल.”

त्या वर्षीची तुकडी, बावीसच्या बावीस जण, शेडबाहेर उभी केली. का बोलावलंय ते कुणालाच सांगितलं नव्हतं. एकेकाला आत घ्यायचं, नियम म्हणवून घ्यायचा आणि अडकलेलं नोझल साफ करायला सांगायचं. टेबलावर ब्रश होता, शेजारी पाण्याचं घमेलं होतं.

नियम बावीस जणांनी बिनचूक म्हटला. फुंकलं एकोणीस जणांनी. चौदा जणांनी उजवा डोळा मिटला. न फुंकणाऱ्या तिघांतला एक पंपाच्या पाठाच्या दिवशी रजेवर होता, एकाला सडकून सर्दी होती आणि तिसरीने मात्र खरोखरच ब्रश उचलला. तिला विचारलं तर म्हणाली, “पुस्तकात तसंच आहे ना?” मास्तरांनी पंपाच्या पाठात तिला तीस गुण दिले होते.

एकाला अध्यक्षबाईंनी मुद्दाम थांबवलं. “आत्ता काय केलंत तुम्ही?”

“नोझल साफ केलं, मॅडम.”

“कशाने?”

“ब्रशने,” तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या ओठांवर पाण्याचा थेंब होता.

टाचणीलाही साक्षीसाठी बोलावलं होतं. ती दाराशी उभी राहून सगळं बघत होती. एकोणीस वेळा तिने आपलाच हात बघितला. शेवटी अध्यक्षबाई तिच्याकडे वळल्या. “तुम्हाला काही म्हणायचंय?”

मास्तरांना वाटलं, आता तिच्या डोक्यावरचा भार उतरेल. खरं तर त्यासाठीच त्यांनी हा सगळा घाट घातला होता.

“सरांनी शिकवलं म्हणून मी केलं, असं लिहू नका,” ती म्हणाली.

“का?”

“सरांच्या पंपात पाणी होतं. माझ्या पंपात औषध होतं, आणि ते मीच कालवलं होतं. हातमोजे दाखवून मीच खुंटीला लावले होते.” मग मास्तरांकडे न बघता ती म्हणाली, “ती पोरगी माझ्या वर्गातली होती. ती मला दुसऱ्या कुणाला द्यायची नाही.”

दीड महिन्याने निकाल आला. टाचणीला नोकरीवरून काढलं. विद्यालयाला पत्र आलं की पान चौसष्टवरचं ते वाक्य पुढच्या आवृत्तीत ठळक अक्षरांत छापावं. मास्तरांची शेड चौकशीच्या दुसऱ्याच दिवशी बंद झाली होती. प्राचार्यांनी त्यांना जुन्या रजिस्टरांच्या खोलीत टेबल दिलं होतं आणि शेडची किल्ली स्वतःच्या खणात ठेवली होती. “निकाल लागेपर्यंत, मास्तर,” असं म्हणाले होते. निकाल लागला, किल्ली काही खणातून निघाली नाही. दरम्यान त्या वर्षीची तुकडी प्रमाणपत्रं घेऊन आपापल्या शाळांवर रुजूही झाली. एकोणीस जण फुंकतात हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यांच्यातल्या कुणालाही त्या तुकडीला आठ दिवस थांबवून घ्यावं असं सुचलं नाही. मास्तरांनी अर्ज केला होता. तो कुठे गेला ते कळलं नाही.

रजिस्टरं हाताशी होतीच. मास्तरांनी पत्रं लिहायला घेतली. एकेक नाव, एकेक शाळा. ‘प्रिय विद्यार्थ्यास, नोझल कधीही तोंडाने फुंकू नये...’ चाळीसेक पत्रं झाली आणि त्यांचा हात थांबला. आपण पान चौसष्टच तर लिहितोय. हे वाक्य त्या प्रत्येकाच्या वहीत आहे, फळ्यावर आहे, जिभेवर आहे. आणखी एकदा लिहून काय होणार? पत्रं त्यांनी गठ्ठा बांधून ठेवून दिली, शिल्लक होती नव्हती ती सगळी रजा टाकली आणि जवळच्या शाळांची यादी केली.

निघायच्या आदल्या दिवशी ते टाचणीकडे गेले. सांगावंसं वाटलं, एवढंच. तिने सगळं ऐकून घेतलं.

“मी येते,” ती म्हणाली.

“तू कशाला? लोक तुला ओळखतील. नको नको ते बोलतील.”

“बोलू देत. तुमच्या हातावर माझा विश्वास नाही, सर.”

आतून आईची चाहूल लागली, पण आई बाहेर आली नाही. मास्तरांनी मान खाली घातली. या बोलण्यात राग होता की नाही, ते त्यांना सांगता आलं नसतं.

पहिल्या शाळेतला शिक्षक अठरा वर्षांपूर्वीच्या तुकडीतला होता. तेव्हा अंगापिंडाने दणकट म्हणून त्याला पैलवान म्हणत. आता सगळी पैलवानकी पोटात जमा झाली होती. मास्तरांना बघून तो अक्षरशः धावत आला.

“सर! अहो कळवायचं तरी! बसा, बसा. तुम्ही आलात आणि नेमका आज पंपाचाच तास आहे माझा. तुमचा पाठ जसाच्या तसा घेतो, एका शब्दाचा फरक नाही. बघाच तुम्ही.”

“पंपात काय आहे?” टाचणीने विचारलं.

“पाणी हो बाई, पाणीच. काल औषध होतं, पण धुतलाय की.”

मास्तर काही बोलायच्या आत त्याने एका मुलीला पुढे बोलावलं. “चल गं, पाहुण्यांना दाखव.” दोन वेण्या घातलेली, तेरा-चौदा वर्षांची असेल. तिने नियम खणखणीत आवाजात म्हटला, नोझल फिरवून काढलं, स्कर्टवर पुसलं आणि ओठांकडे नेलं.

टाचणी इतक्या जोरात ओरडली की मुलीच्या हातून नोझल खाली पडलं. वर्ग दचकला. पोरगी रडकुंडीला आली. नोझल वर नेतानाच मिटलेला तिचा एक डोळा अजून तसाच होता. उजवा.

“काय झालं?” पैलवान गोंधळला. “अहो सर, मी सांगतो ना त्यांना. फुंकायचं नाही म्हणून रोज सांगतो.”

“सांगतोस,” मास्तर म्हणाले. “मीही सांगायचो. एक घमेलं आण पाण्याचं. ब्रश आहे?”

“असेल कुठेतरी.”

शोधाशोध करून ब्रश सापडला. त्याच्यावरचा प्लास्टिकचा कागदही निघालेला नव्हता. हातमोज्यांची एकच जोडी निघाली. मास्तरांनी ती चढवली, तीस पोरांच्या मध्ये जमिनीवर बसले आणि घमेलं समोर ओढलं. टाचणी त्यांच्या खांद्यामागे उभी राहिली. त्यांनी खटका दाबून दाब सोडला, नोझल काढलं आणि सवयीने बोलायला लागले, “हे बघा बाळांनो, याच्यात कचरा अडकला की...”

“सर,” मागून टाचणी म्हणाली.

हात हनुवटीपाशी पोचला होता. त्यांनी तो खाली घेतला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

“सर.”

पोरं फिसकन हसली. म्हातारा गंमत करतोय असं त्यांना वाटलं असावं. टाचणी हसली नाही. मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी बोलणंच बंद केलं, कारण बोलायला लागलं की हात आपल्या वाटेने जातो, एवढं त्यांच्या लक्षात आलं. मग मुकाट्याने, एखादं तान्हं मूल न्यावं तसा, त्यांनी तो हात पाण्यापर्यंत नेला. ब्रश फिरवला. नोझल पाण्यातच हलवून बघितलं. असं पाच वेळा केलं. पाचव्या वेळी मागून हाक आली नाही.

“आता तू,” ते पैलवानाला म्हणाले आणि हातमोजे काढून त्याला दिले.

पैलवान अवघडून खाली बसला. आपल्या वर्गासमोर, आपल्याच पोरांच्या रांगेत. त्याने नोझल हातात घेतलं आणि तोंड उघडलं.

“बोलू नकोस,” मास्तर म्हणाले. मग ते आणि टाचणी, दोघंही त्याच्या हाताकडे बघत राहिले.